एका खुंटीवरची सहल

(सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय होता ‘आमचा युरोप प्रवास’. पण युरोप आता आपल्या तिन्ही विंगमध्ये बहुतेकांनी पाहिलेला आहे. आयफेल टॉवरपुढचे फोटो आपल्या ग्रुपवर इतके आले आहेत की तो टॉवर आपल्या पाण्याच्या टाकीमागेच असावा असं वाटतं. म्हणून मी फक्त एका शहराबद्दल, आणि त्या शहरातल्या एका तळघराबद्दल बोलणार आहे. शहर बुडापेस्ट. तळघरात आहे पिनबॉलचं संग्रहालय. आमची तीन रात्रींची सगळी सहल त्या तळघराभोवती आखली होती. आणि शेवटी मला कार्यकारिणीकडे एक अर्ज द्यायचा आहे, तोही या सहलीतूनच निघाला.

सुरुवात इथेच, आपल्या आवारात झाली. माझी लेक-जावई व्हिएन्नाला असतात, तुम्हाला माहीत आहेच. गेल्या मे महिन्यात ती मंडळी आली होती. नातू अकरा वर्षांचा. मराठी बोलतो, वाचताना मात्र एकेक अक्षर जुळवतो. खाली फिरायला नेलं, तर ए विंगच्या भिंतीवरचा बोर्ड दिसला आणि तो मोठ्याने वाचायला लागला. “आ-वा-रा-त खे-ळ-ण्या-स स-क्त म-ना-ई आ-हे.” मग म्हणाला, “आजोबा, हे कोणी लिहिलं?”

मी म्हटलं, “सोसायटीने.”

हे उत्तर खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मी सचिव असताना दुसऱ्या मजल्यावरची एक काच फुटली, वार्षिक सभेत तासभर वाद झाला, आणि पुढच्याच आठवड्यात मी तो बोर्ड रंगवून आणला. शब्द माझे. ‘सक्त’ हा शब्द तर खास माझा. त्याच झटक्यात सभागृहातलं टेबल टेनिसचं टेबल आणि दोन कॅरम बोर्ड मागच्या खोलीत गेले, आणि त्या खोलीला कुलूप लागलं.

तर बाहेर खेळता येईना म्हणून मी नातवाला घरी आणलं आणि माळ्यावरून बगाटेल काढलं. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना बगाटेल सांगायला नको. लाकडी फळी, वर गोल कमान, मध्ये खिळ्यांची गोल कुंपणं, त्यांत आकडे. उजवीकडे दांडी ओढायची, सोडायची, की पोलादी गोळी वर जाऊन खिळ्यांवर टणटण आपटत खाली येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच भावंडं एका बगाटेलवर अख्खी दुपार काढत असू. खिळे गंजले होते, दहापैकी चारच गोळ्या उरल्या होत्या. नातू पाच मिनिटं खेळला आणि म्हणाला, “आजोबा, हे तर पिनबॉल आहे! फक्त फ्लिपर नाहीत.”

बरोबर ओळखलं होतं त्याने. बगाटेल हा पिनबॉलचा पणजोबा. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हा खेळ होता, तेव्हा काठीने गोळी ढकलत. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या गृहस्थांनी बगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. आपण जी स्प्रिंगची दांडी ओढतो, ती त्यातलीच. पुढे १९३१ मध्ये शिकागोच्या गॉटलीब कंपनीने ‘बॅफल बॉल’ नावाचं नाणं टाकून खेळायचं यंत्र काढलं. मंदीचे दिवस, लोकांच्या हाताला काम नाही, आणि एका सेंटमध्ये काही मिनिटं करमणूक. ते तुफान खपलं. पण तिथवर सगळा नशिबाचा मामला होता. गोळी सोडली की आपण बघ्ये. १९४७ मध्ये त्याच कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर आले. बाजूचं बटण दाबलं की आतली छोटी दांडी उडते आणि पडणाऱ्या गोळीला परत वर टोलवते. तेव्हापासून नशिबाला हाताची जोड मिळाली.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं. त्या दिवशी जावई एवढंच म्हणाले, “बाबा, बुडापेस्टला याचं संग्रहालय आहे. शंभरावर यंत्रं आहेत, आणि सगळी खेळता येतात. पुढच्या वेळी तुम्ही आलात की जाऊ.” नातवाने माझ्याकडून वचनच घेतलं.

आता सहल आखण्याकडे येतो, कारण कट्ट्यावर खरी चौकशी त्याचीच होते.

आमच्या हिने यादी केली. तीन दिवसांत सतरा ठिकाणं. मी हिशेब केला, एका ठिकाणाला जेवण-झोप धरून चार तास येतात. ही म्हणाली, “अहो, एवढं तिकीट काढून जायचं आणि बघायचं नाही?” मी म्हटलं, आपण उलटं करून बघू. आधी भिंतीत एक खुंटी ठोकू, मग तिच्यावर जेवढं टांगलं जाईल तेवढंच टांगू. खुंटी म्हणजे संग्रहालय. ही म्हणाली, “तुमची खुंटी तळघरात आहे, हे लक्षात असू द्या.” पण कबूल झाली.

खुंटी ठोकली की बाकीच्या गोष्टी आपोआप ठरत जातात, हा माझा अनुभव. पहिलं, वार. आम्ही गेलो तेव्हा ते संग्रहालय सोमवारी-मंगळवारी बंद असायचं आणि बुधवार ते शुक्रवार दुपारी चारला उघडायचं, ते मध्यरात्रीपर्यंत. त्यामुळे आम्ही बुधवारी निघालो आणि गुरुवारची संध्याकाळ संग्रहालयाला दिली. शुक्रवार हाताशी राखीव. काही बिनसलं तर दुसरी संधी हवी. आपल्या वयात राखीव दिवस औषधाच्या डब्याइतकाच महत्त्वाचा. जाण्याआधी वेळा पुन्हा एकदा तपासायच्या, हेही आलंच.

दुसरं, मुक्काम. संग्रहालय पेस्टच्या बाजूला, उत्तरेकडच्या वस्तीत, डॅन्यूब नदी आणि न्युगती रेल्वे स्टेशन यांच्यामध्ये आहे. तिथून ४ आणि ६ नंबरच्या ट्राम जातात. आम्ही ट्रामच्या त्याच मार्गावर खोली घेतली. खोली साधी होती, पण रात्री दहा वाजता नवख्या शहरात बस शोधत फिरावं लागलं नाही. कागदी तिकीट मात्र प्रवास सुरू करताना यंत्रात छापून घ्यावं लागतं. नुसतं खिशात ठेवलं तर दंड. आमच्या हिने चौघांकडून ते दर वेळी करून घेतलं, लेक मागून हसत होती.

तिसरं, दुपारची विश्रांती. संग्रहालय चारला उघडणार, म्हणून सकाळी एकच ठिकाण, मग जेवण, मग आडवं होणं. एवढा निवांत परदेश मी आजवर पाहिला नव्हता.

व्हिएन्नाहून बुडापेस्टला रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत पोचता येतं. पैसे मात्र बदलतात, युरो जाऊन फोरिंट येतात. एका रुपयाला साधारण चार फोरिंट पडत होते. हॉटेलचं बिल हजारांत बघून पहिल्या दिवशी माझा घास अडकला, नंतर चाराने भागायची सवय झाली.

सतरापैकी पाच ठिकाणं झाली. संसद भवन बाहेरून पाहिलं. त्याचा घुमट ९६ मीटर उंच आहे, कारण मग्यार टोळ्या या भूमीत आल्या ते साल ८९६ मानतात. १८४९ चा साखळी पूल पायी ओलांडला. १८९६ ची भुयारी रेल्वे, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली, तिच्यातून गेलो. जिना जेमतेम एक मजला खाली, डबे लहानसे, आपल्या लिफ्टपेक्षा किंचित मोठे वाटावेत असे. मोठ्या बाजारात हिने लाल मिरच्यांच्या माळा पाहिल्या आणि तिथून हलेना. तिथे लांगोश मिळतो, म्हणजे तळलेली जाड पोळी, वर आंबट साय आणि चीज. शाकाहारी माणसाला तो दोन वेळा तारतो. पाचवं ठिकाण नदीकाठची लोखंडी बुटांची रांग. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना तिथे उभं करून गोळ्या घातल्या, त्याआधी बूट काढायला लावले. तिथे आम्ही कोणी फोटो काढला नाही.

उरलेल्या बारा ठिकाणांची मला हळहळ नाही. प्रसिद्ध गरम पाण्याची स्नानगृहं राहिली, त्याबद्दल ही मात्र अजून बोलते.

गुरुवारी साडेचारला आम्ही संग्रहालयात पोचलो. रस्त्याला राद्नोती मिक्लोश या कवीचं नाव आहे. ते याच वस्तीत राहत. १९४४ मध्ये सक्तीच्या मजुरीच्या तांड्यात त्यांना मारलं, आणि पुढे थडगं उकरलं तेव्हा कोटाच्या खिशात कवितांची वही सापडली. लेकीने हे रस्त्यातच सांगितलं. खेळायला निघालेल्या माणसाच्या मनात हे घेऊन मी पायऱ्या उतरलो.

खाली आवाजाने कान भरले. घंटा, खटखट, गोळ्यांची घरघर, पोरांची ओरड. दारात एकदाच तिकीट काढायचं, मग आत नाणं टाकायला लागत नाही. हवं ते यंत्र, हवा तितका वेळ. बगाटेलची जुनी टेबलंही आहेत आणि ते १९४७ चं ‘हम्प्टी डम्प्टी’सुद्धा. त्याला सहा फ्लिपर, दोन्ही बाजूंना तीन-तीन. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो.

पण माझे पाय खरे अडकले ते साठ-सत्तरच्या दशकांतल्या यंत्रांपाशी. तुम्हाला माहीत आहे, माझी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातली पहिली वर्षं जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये. तुम्ही घरी डायल फिरवलीत की आमच्याकडे एकेक स्विच पायरी-पायरीने वर चढायचा, रिले खटाखट लागायचे. दिवाळीच्या सकाळी तर पावसासारखा आवाज व्हायचा. ते एक्स्चेंज बंद झालं, यंत्रं भंगारात गेली, आणि तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नव्हता. तो आवाज मला बुडापेस्टच्या तळघरात ऐकू आला. त्या पिनबॉलमध्ये चिप नाही, संगणक नाही. रिले, कॉइल आणि टप्प्याटप्प्याने फिरणारी चाकं, यांवरच सगळी बेरीज चालते. गोळी बंपरवर आपटली की आत एक चाक एक घर पुढे सरकतं आणि वर आकडा बदलतो. मी यंत्राच्या लाकडाला कान लावून उभा राहिलो. नातवाने आईला विचारलं, “आजोबांना बरं वाटत नाहीये का?”

मग मी त्याला समजावून सांगितलं. आजवर फोनवर आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का’, ‘शाळा काय म्हणते’, यापुढे जात नसे. त्या संध्याकाळी तो विचारत होता आणि मी सांगत होतो, चार तास. माझं जे ज्ञान भंगारात गेलं असं मी धरून चाललो होतो, त्याला एक गिऱ्हाईक मिळालं.

खेळण्याचं म्हणाल तर मी अगदी सुमार. नातू आणि मी दोघंही दोन्ही बटणं एकदम बडवत होतो, आणि गोळी मधल्या फटीतून सरळ खाली. आमची ही अर्धा तास बघत होती. मग पुढे आली, गोळी फ्लिपरवर अलगद थांबवून धरली, नेम घेतला आणि एकच बटण दाबलं. तिचा आकडा आमच्या दोघांच्या बेरजेहून जास्त. “सारखं काय बडवायचं?” एवढंच म्हणाली.

एकदा नातवाने चिडून यंत्र जोराने हलवलं. दिवे गेले, फ्लिपर मेले, पाटीवर ‘टिल्ट’ अशी अक्षरं आली, आणि त्याची गोळी गेली. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. मी म्हटलं, नाही रे, याच्या पोटात ओळंबा आहे. आपला गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधतो ना, तसंच एक वजन धातूच्या कड्याच्या मधोमध लोंबत असतं. यंत्र थोडं हलवलं तर चालतं, किंबहुना चांगला खेळाडू थोडा धक्का देतोच. पण फार हलवलं की वजन कड्याला लागतं, वीजमंडल पूर्ण होतं, आणि ती गोळी बाद. पुढची गोळी मात्र मिळते. शिक्षा तेवढ्यापुरतीच.

परतताना ट्राममध्ये मी त्याला वाचलेली एक गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली पिनबॉलवर बंदी आली. तिथल्या एका विमानतळाला आज ज्यांचं नाव आहे, ते ला ग्वार्डिया तेव्हा महापौर होते. हा जुगार आहे, पोरांचे खाऊचे पैसे यात जातात, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनी यंत्रं जप्त केली, महापौरांनी स्वतः हातोडा घेऊन फोडली, त्याचे फोटो आहेत. जुगाराची तक्रार अगदीच खोटी नव्हती, कारण त्या काळी काही यंत्रांवर पैसे लावले जात. पण बंदी राहिली ३४ वर्षं. फ्लिपर आले, खेळ बदलला, तरी बंदी तशीच. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगर परिषदेच्या लोकांपुढे यंत्र लावून खेळून दाखवलं. आधी बोट दाखवून सांगितलं की मी दांडी ओढतो, गोळी मधल्या वाटेने जाईल. आणि गेली. हा नुसत्या नशिबाचा खेळ नाही हे लोकांना पटलं, बंदी उठली.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे तुमच्या सोसायटीसारखा बोर्ड लावला होता त्यांनी.”

आता मात्र मला खरं सांगावं लागलं. म्हटलं, “तो बोर्ड मी लिहिला होता.”

त्याने विचारलं, “मग काच फुटली होती का परत?”

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर देताना मला हिशेब करावा लागला. काच परत फुटली नाही, कारण खेळणारं कोणी उरलंच नाही. ज्या मुलांच्या चेंडूने काच फुटली ती आज पुण्या-बंगळूरला, अमेरिकेत आहेत. त्यांची बालपणं आपण त्या एका काचेच्या किमतीत विकत घेतली आणि कुलपात ठेवली. मागच्या खोलीतलं टेबल टेनिसचं टेबल परवा मी बघून आलो. ओल लागून फुगलं आहे. कॅरमच्या सोंगट्यांची पेटी आहे, स्ट्रायकर नाही. खेळलं गेलं असतं तर झिजलं असतं, पण कुजलं नसतं. बुडापेस्टला पन्नास-साठ वर्षांची यंत्रं रोज शेकडो हातांखाली चालतात, बिघडली की कोणी तरी मागचा पत्रा उघडून रिले साफ करतं, आणि म्हणूनच ती जिवंत आहेत.

ज्यांची काच फुटली होती, त्या वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांची तक्रार तेव्हाही रास्त होती आणि आजही रास्त आहे. दुपारी दोन ते चार आवारात आरडाओरड झाली तर मलाही झोप येत नाही. पण आपल्याला हातोडा नको होता, ओळंबा हवा होता. थोडं हलवायला मुभा, फार हलवलं तर त्या दिवसापुरता खेळ बंद, आणि दुसऱ्या दिवशी नवीन गोळी. सचिव म्हणून मला तो फरक कळला नाही, त्याबद्दल मी या सभेपुढे दिलगिरी व्यक्त करतो.

तर माझा अर्ज असा. एक, ए विंगवरचा बोर्ड उतरवावा. त्या जागी खेळण्याच्या वेळा लिहिलेला बोर्ड लावावा, मजकूर मुलांना विचारून ठरवावा. दोन, मागच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे ठेवावी, मागेल त्याला नोंदवहीत सही घेऊन द्यावी. तीन, टेबल टेनिसच्या टेबलाची दुरुस्ती मी आणि बी विंगमधले माझे दोन निवृत्त मित्र करू, फक्त सामानाचे पैसे सोसायटीने द्यावेत. आणि चार, बोर्ड उतरल्यावर जी पहिली काच फुटेल ती माझ्या खर्चाने बसवावी. त्यासाठी पाच हजारांचा चेक अर्जाला जोडला आहे. दुसऱ्या काचेपासून पुढे सभेने ठरवावं.

येत्या मे महिन्यात नातू परत येतोय. त्याने विचारलं आहे, बोर्ड आहे का अजून. मी सांगितलं, वार्षिक सभेपुढे विषय आहे. वार्षिक सभा म्हणजे काय, हे त्याला समजावताना मात्र मला स्ट्रोजर एक्स्चेंजपेक्षा जास्त वेळ लागला.

माझं बगाटेल मी खाली सभागृहात आणून ठेवलं आहे. खिळे घासलेत, गोळ्या नवीन आणल्यात. चहा येईपर्यंत कोणाला हात साफ करायचा असेल तर या.